दरवाजा उघडला तरी अलार्म गप्प: डोअर स्विचची वायर जोडताना कुठे चुकतं

रिमोट दाबलं, इंडिकेटर लुकलुकले, लॉक खटकन पडले, की अलार्म लागला असं धरून आपण चालू लागतो. एकदा एवढंच करून बघा. काच खाली ठेवा, अलार्म लावा, मिनिटभर थांबा आणि आत हात घालून मागचा डावा दरवाजा आतल्या हँडलने उघडा. सायरन वाजला नाही, तर तुमच्या अलार्मला त्या दरवाजाची खबरच नाही.

मी दिवसा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला असतो आणि संध्याकाळी ओळखीपाळखीच्या गाड्यांचं इलेक्ट्रिक बघतो. 'अलार्मचा डबा गेलाय' म्हणून गाडी येते, आणि बहुतेक वेळा डबा ठणठणीत निघतो. निफाडकडचे एक दादा त्यांच्या पिकअपला तिसरा डबा बसवायला निघाले होते. आधीचे दोन्ही चांगलेच होते. जोडणाऱ्याने दरवाजाची वायर छताच्या दिव्यातून, तीही दिव्याच्या बटणाच्या पुढून घेतली होती, आणि दादांनी बॅटरी वाचावी म्हणून ते बटण कायमचं 'ऑफ'ला ठेवलेलं. दरवाजा उघडला काय नि झाकला काय, अलार्मपर्यंत काही पोचतच नव्हतं.

खालची पद्धत १२ व्होल्टच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत बाहेरून बसवलेल्या अलार्मसाठी आहे. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) चाकू लावू नका, नंतर त्या सर्किटचा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की तिच्या आसपास काम करायचं नाही.

## १. हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर हवाच, अगदी साधा चालेल. त्याच्याऐवजी बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरायचा मोह टाळा. तो बल्ब करंट ओढतो. जुन्या गाडीत फरक पडत नाही, पण आजच्या गाडीत दरवाजाची वायर थेट बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे दिवे-लॉक सांभाळणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये जाते. आपण त्याला पुढे बीसीएम म्हणू. त्या नाजूक वायरवर टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे उगाच हजारोंचा धोका पत्करणं.

बाकी सामान: ०.५ स्क्वेअर एमएमची अनेक तारांची लवचिक वायर, शक्यतो गाडीच्या हार्नेसमध्ये नसलेल्या रंगाची. १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा तुकडा), सहा-आठ घेऊन ठेवा. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह, हार्नेसवर गुंडाळायची कापडी टेप, केबल टाय, दहाचा पाना. प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड बरं. आणि कागद-पेन. कागद-पेनाला हसू नका, तिसऱ्या टप्प्यात त्याच्यावाचून अडतं.

अलार्मसोबत आलेला वायरिंगचा कागद शोधा. त्यावर दरवाजासाठी सहसा दोन वायरी दाखवलेल्या असतात, निगेटिव्ह ट्रिगर आणि पॉझिटिव्ह ट्रिगर. पुष्कळ डब्यांत निगेटिव्हला हिरवी आणि पॉझिटिव्हला जांभळी वायर असते, पण रंगावर भिस्त ठेवू नका. कागद हरवला असेल तर तो मिळेपर्यंत काम थांबवा.

सावधान: पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळ्या नळीतून गेलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरची समजा. तिला मीटरसुद्धा लावायचा नाही. मधल्या पिलरच्या (पुढच्या-मागच्या दरवाजांमधल्या खांबाच्या) खाली, नेमकी आपल्याला हवी असलेली वायर जिथे असते, तिथेच ही पिवळी वायरही बऱ्याचदा असते.

## २. स्विच कुठला आहे ते बघा

दरवाजा उघडा आणि चौकटीकडे नीट पाहा. रबरी टोपीतून बाहेर आलेलं, दाबलं की आत जाणारं बटण दिसलं तर तो पिन स्विच. एका स्क्रूवर बसलेला, मागे एक किंवा दोन वायरी. एकच वायर असेल तर त्याला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीच्या पत्र्याशी जोडणी) त्या स्क्रूमधून मिळतो, हे लक्षात ठेवा. स्क्रू गंजला की स्विच गेला.

बटण दिसत नसेल तर स्विच दरवाजाच्या कुलपातच आहे. त्याची वायर दरवाजा आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतून आत येते आणि पुढे बीसीएमकडे जाते.

आता चारही दरवाजे बघा, फक्त ड्रायव्हरचा नाही. काही जुन्या, साध्या मॉडेलांत मागच्या दरवाजांना स्विचच नसतात. तिथे वायर शोधत अर्धा दिवस घालवणारे मी पाहिलेत, आणि पहिल्यांदा तो अर्धा दिवस माझाच गेला होता. स्विच नसेल तर नवीन पिन स्विच बसवावा लागतो. भोक पाडायच्या आधी पत्र्यामागे काय आहे ते पाहून घ्या, आणि भोकाच्या कडेला रंग किंवा अँटी-रस्ट लावा.

तपासा: दिव्याचं बटण 'डोअर'वर ठेवून एकेक दरवाजा उघडा. कुठल्या दरवाजाने छताचा दिवा लागतो, कुठल्याने नाही, आणि झाकल्यावर तो लगेच विझतो की हळूहळू, हे कागदावर लिहा. हळूहळू विझणारा दिवा पुढे त्रास देणार आहे.

## ३. मोजा

कामाचा गाभा हा आहे. सांधा वाईट असेल तर आठवड्याने सापडतो. मोजणी चुकली तर मात्र बाकी सगळं बरोबर करूनही अलार्म चुकीचाच वागतो.

बॅटरी जोडलेली, चावी काढलेली. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. काळी प्रोब रंग नसलेल्या धातूला लावा, चौकटीचा एखादा स्वच्छ बोल्ट चांगला. आधी अर्थ खरा आहे का ते तपासा: लाल प्रोब कायम चालू असलेल्या एखाद्या फ्यूजला लावली की १२.४ ते १२.६ दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतील.

मग खालची पट्टी काढून स्विचची वायर उघडी करा. तिचं आवरण कापू नका, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून तिला लाल प्रोब लावा. प्रत्येक दरवाजासाठी दोन आकडे लिहायचे, झाकलेला आणि उघडा.

झाकला की १२ च्या आसपास आणि उघडला की शून्य, म्हणजे निगेटिव्ह पद्धत. स्विच उघड्या दरवाजाला वायर बॉडीला टेकवतो. आपल्याकडे बहुतेक गाड्या अशाच.

झाकला की शून्य आणि उघडला की १२, म्हणजे पॉझिटिव्ह पद्धत. कमी दिसते, पण दिसते. इथे एक धोका जास्त: ही वायर चुकून बॉडीला लागली तर फ्यूज उडतो.

झाकला की ५ च्या आसपास (किंवा बॅटरीपेक्षा बराच कमी असा स्थिर आकडा) आणि उघडला की शून्य, म्हणजे वायर बीसीएमची आहे. ही निगेटिव्हसारखी दिसते, पण अलार्म तिला थेट जोडू नका. अलार्मच्या डब्याच्या आतून येणारे १२ व्होल्ट त्या ५ व्होल्टच्या वायरवर चढू द्यायचे नाहीत, आणि डायोड ते अडवत नाही, कारण निगेटिव्ह पद्धतीत तो करंट डब्याकडून स्विचकडेच जाऊ देतो; इथे स्वतंत्र पिन स्विच बसवा.

आकडा एका जागी थांबतच नसेल, २, ३, पुन्हा २ असा नाचत असेल, तर बीसीएम त्या वायरवर ठोके पाठवून स्विच तपासतोय किंवा तुम्ही भलत्याच वायरवर आहात. अशा वायरला काही जोडू नका. तिथे दुसरा बिंदू शोधावा लागतो, नाहीतर स्वतंत्र पिन स्विच बसवणं स्वस्त पडतं.

कुलपातला स्विच मोजताना एक युक्ती सगळे वापरतात. दरवाजा उघडाच ठेवून कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबायची, म्हणजे गाडीला दरवाजा झाकला असं वाटतं. युक्ती चांगली, पण मोजून झाल्यावर हँडल ओढून ती जीभ परत मोकळी करा. विसरून दरवाजा आपटला तर बंद कुलूप सरळ चौकटीच्या कडीवर आदळतं. मी एकदा ते केलंय. आवाज झाला, पोटात गोळा आला, कुलपाच्या कडेचं प्लास्टिक तुटलं आणि दरवाजा महिनाभर खडखडत राहिला.

आणखी दोन बारकावे. छताला नंतर एलईडी लावला असेल तर झाकलेल्या दरवाजाला १२ ऐवजी ८-९ किंवा तरंगता आकडा दिसू शकतो. तात्पुरता जुना बल्ब लावा आणि मग मोजा. दुसरं, गाडी लॉक केल्यावर काही मिनिटांनी बीसीएम झोपी जातं आणि काही गाड्यांत वायरचा व्होल्टेज तेव्हा बदलतो. म्हणून मीटरच्या लांब वायरी खिडकीतून बाहेर काढा, गाडी लॉक करा, चहा पिऊन या आणि पंधरा मिनिटांनी आकडा पुन्हा पाहा. दिवसा नीट चालणारा आणि मध्यरात्री बोंबलणारा अलार्म बऱ्याच वेळा इथे सापडतो.

तपासा: निगेटिव्ह पद्धतीत उघड्या दरवाजाला आकडा जवळपास शून्यच हवा. १-२ व्होल्ट उरत असतील तर स्विच गंजलाय. आधी तो बदला किंवा घासा.

## ४. चारही दरवाजे एका वायरवर आहेत का

लाल प्रोब ड्रायव्हरच्या दरवाजाच्या वायरवर ठेवा, तो दरवाजा झाकलेला. आता दुसऱ्या कुणाला तरी एकेक करून बाकीचे तीन दरवाजे उघडायला सांगा. प्रत्येक वेळी आकडा १२ वरून शून्यावर आला तर चौघे आतून जोडलेले आहेत, तुम्हाला एकच वायर पुरे.

बऱ्याचदा असं होत नाही. ड्रायव्हरचा दरवाजा वेगळा असतो, कारण चावी विसरल्याचा किंवा हेडलाइट चालू राहिल्याचा बझर त्याच्यावर चालतो. डॅशबोर्डवर नेमका कुठला दरवाजा उघडा आहे ते दाखवणाऱ्या गाडीत तर चारही वायरी वेगळ्या. अशा ठिकाणी घाईत एकच वायर घेतली जाते, अर्थात ड्रायव्हरची, कारण ती हाताला आधी लागते. उरलेले तीन दरवाजे उघड्यावर.

दुसरी चूक याच्या उलट: चारही वायरी एकत्र पिळून अलार्मला दिल्या जातात. अलार्म वाजतो, पण आता कुठलाही दरवाजा उघडा, डॅशबोर्ड चारही उघडे दाखवतो, आणि मागे बसलेल्याने दरवाजा उघडला तरी बझर किंचाळतो. या दोन्हीला इलाज डायोडचा, तो सातव्या टप्प्यात.

## ५. कुठून घ्यायची, कशी ओढायची

छताच्या दिव्याची वायर सगळ्यात सोपी वाटते, म्हणून सगळे तिथेच जातात. तीन कारणांसाठी मी जात नाही. एक, दिव्याचं बटण आड येतं, निफाडच्या दादांसारखं. दोन, छताच्या कडेने पडदा-एअरबॅग गेलेली असू शकते. तीन, आणि हे मोठं: दिवा हळूहळू विझणाऱ्या गाडीत दरवाजा झाकल्यावरही वीस-तीस सेकंद त्या वायरवर 'उघडा'च दिसतं. तेवढ्यात तुम्ही रिमोट दाबता. काही डबे ठणाणा करतात, आणि काही, जे जास्त वाईट, 'हा दरवाजा उघडाच राहिलाय' असं समजून त्याला रात्रभर सोडून देतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

म्हणून वायर घ्यायची ती स्विच आणि बीसीएमच्या मधून. पुढच्या दोन दरवाजांसाठी डॅशबोर्डखाली, पायाच्या बाजूच्या पॅनलमागे. मागच्यांसाठी मधल्या पिलरच्या खाली किंवा उंबरठ्याच्या पट्टीखाली धावणाऱ्या हार्नेसमधून. दिव्याच्या वायरीशिवाय पर्यायच नसेल तर डब्याच्या कागदात दिव्याच्या विलंबासाठी सेटिंग आहे का ते पाहा आणि ते चालू करा.

नवी वायर कंपनीच्याच हार्नेसला लगटून न्या आणि वीतभर अंतरावर टेपेने बांधा. पेडल, स्टिअरिंगचा दांडा, सीटची सरकपट्टी आणि सीटबेल्टची रीळ यांच्या वाटेत ती येता कामा नये. पट्टीचा क्लिप जिथे बसतो तिथे वायर आडवी ठेवली तर क्लिप दाबताच आवरण चिरतं. पत्र्यातून जायचंच झालं तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी चकती) हवाच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. गाडी रोज घोटी-इगतपुरीकडे किंवा त्र्यंबकला जाणारी असेल, तर पावसाळ्यात दरवाजाच्या बीडिंगमधून पाणी आत येतंच, आणि पायाखालचं कार्पेट सप्टेंबरपर्यंत ओलं राहतं. सांधा कधीही कार्पेटखाली, जमिनीलगत ठेवू नका. दीड वीत वर घ्या, आणि डब्यात शिरण्याआधी वायरला खाली झुकलेला एक झोळ द्या. पाणी वायरवरून ओघळलं तरी झोळातून खाली ठिबकतं, डब्यात जात नाही.

## ६. सांधा

आता बॅटरी काढा. आधी काच खाली करा, चावी खिशात ठेवा. सेंट्रल लॉक मध्येच बिथरलं तर बाहेर राहण्याची पाळी येते. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी आहे का बघा. दहाच्या पान्याने काळं, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि बाजूला बांधून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर किमान तीन मिनिटं काहीच करू नका. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढा थांबा.

मूळ वायर तोडायची नाही. तिचं आवरण साधारण एक सेंटीमीटर, फक्त वरचं, सोलून काढा. आतली एखादी तार तुटली तर थोडं पुढे सरकून पुन्हा सोला. आपल्या वायरीचं टोक त्या उघड्या भागाला घट्ट गुंडाळा, सोल्डर करा. आयर्न तांब्याला लावा आणि सोल्डर तांब्यावर वितळू द्या. सोल्डर थेंबासारखं वर बसलं तर सांधा कच्चा, तारांमध्ये शिरून चमकलं तर पक्का. थंड झालं की कापडी टेप दोन पदर, खेचून. मूळ वायर न तोडल्यामुळे तिच्यावर स्लीव्ह चढत नाही, ती फक्त आपल्या वायरीच्या मोकळ्या सांध्यांवर.

दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा (दोन वायरी आत घालून पक्कडीने दाबतात त्या) दोन मिनिटांत काम करतात हे खरं. पण आतली पाती बारीक वायरीच्या अर्ध्या तारा कापते आणि ओलाव्याने वर्षा-दोन वर्षांत हिरवी पडते. आणि सांध्यावर चकचकीत पीव्हीसी टेप गुंडाळणाऱ्यांना विनंती: एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्या टेपेचा चिकटा वितळतो आणि टेप सुटून लोंबते.

## ७. डायोड: कुठल्या बाजूला पट्टी

डायोडवर एका टोकाला रुपेरी पट्टी असते. करंट पट्टी नसलेल्या टोकाकडून पट्टीकडे वाहतो, उलटा नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकी पाठ करावं लागत नाही.

निगेटिव्ह पद्धतीत करंट अलार्मच्या डब्यातून निघतो आणि दरवाजाच्या स्विचमधून बॉडीत जातो. म्हणून पट्टी दरवाजाच्या स्विचकडे. चार दरवाजांना चार डायोड, चौघांच्या पट्ट्या आपापल्या दरवाजाकडे, आणि पट्टी नसलेली चारही टोकं एकत्र करून एक वायर अलार्मच्या निगेटिव्ह ट्रिगरला.

पॉझिटिव्ह पद्धतीत उलट, पट्टी अलार्मकडे. पट्ट्यांची टोकं एकत्र करून पॉझिटिव्ह ट्रिगरला.

डायोड उलटा लागला तर जळत-बिळत काही नाही, फक्त तो दरवाजा मुका होतो. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. लावण्याआधी मीटरच्या डायोड चिन्हावर प्रत्येकाची परीक्षा घ्या: एका दिशेने ०.५ ते ०.७, दुसऱ्या दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून आकडा आला तर फेकून द्या.

पाय वाकवताना अगदी बुडाशी वाकवू नका, काचेसारखं तडकतं. दोन्ही पायांवर वेगवेगळी स्लीव्ह घाला, मग सगळ्यावर एक मोठी. स्लीव्ह चढवली की पट्टी झाकली जाते, तेव्हा बाहेरून पेनाने खूण करा.

## ८. डब्याची बाजू, आणि डिकी-बॉनेट

दोन ट्रिगर वायरींपैकी एकच वापरायची. दुसरीचं टोक कापून तांबं आत दडवा, स्लीव्ह घाला आणि बांधून टाका. 'असू दे, कधी लागली तर' म्हणून सोललेलं टोक लोंबत ठेवलं की खड्ड्यात गाडी आपटली की ते बॉडीला टेकतं, आणि मुंबई नाक्यावर पार्किंगमध्ये गाडी विनाकारण केकाटते.

डिकी आणि बॉनेटसाठी डब्याला बहुधा वेगळी इनपुट असते. ती वापरा, दरवाजांच्या वायरीत मिसळू नका. बॉनेटचा पिन स्विच पाणी साचणाऱ्या कडेला न लावता जरा उंचावर लावा.

## ९. चाचणी, घाई न करता

बॅटरीचं काळं टर्मिनल परत घट्ट लावा. सगळ्यात आधी शॉक सेन्सरचा कपलर डब्यातून काढा. हे न करता केलेली चाचणी फुकट जाते: दरवाजा उघडताना गाडी हलते, सायरन शॉक सेन्सरमुळे वाजतो आणि आपण स्विच जोडला गेला म्हणून खूश होतो. माझ्या स्वतःच्या गाडीत दोन वर्षं हेच झालं होतं, आणि बसवून देणाऱ्याने तशीच चाचणी दाखवून पैसे घेतले होते.

पहिली फेरी: चारही काचा खाली. सगळे दरवाजे झाका, बाहेरून रिमोटने अलार्म लावा, पूर्ण एक मिनिट थांबा. आत हात घालून एक दरवाजा उघडा. वाजला की बंद करा, झाका, पुन्हा लावा, पुन्हा मिनिटभर, दुसरा दरवाजा. असं चार वेळा, मग डिकी. लॉकमुळे आतलं हँडल चालत नसेल तर त्या दरवाजाची खुंटी आधी हाताने वर करा.

दुसरी फेरी: दरवाजा झाकताक्षणी, छताचा दिवा जळत असतानाच अलार्म लावा. दिवा विझल्यावर आणखी मिनिटभर थांबून तोच दरवाजा उघडा. इथे गप्प राहिला तर पाचव्या टप्प्यातलं विलंबाचं दुखणं आहे.

तिसरी फेरी: एक दरवाजा मुद्दाम अर्धवट, पहिल्या खटक्यावर ठेवून अलार्म लावा. पुष्कळ डबे अशा वेळी जास्तीची शिट्टी देऊन किंवा वेगळ्या लुकलुकण्याने सांगतात. तुमचा कसा सांगतो ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

आता डॅशबोर्डवर बघा. एक दरवाजा उघडा, एकच दिवा दिसतो ना? बझर फक्त ड्रायव्हरच्याच दरवाजाला वाजतो ना? सगळं जमलं की शॉक सेन्सर परत जोडा आणि पट्ट्या बसवा. बसवल्यानंतर पहिली फेरी पुन्हा एकदा, कारण वायर दबते ती पट्टी बसवतानाच.

## १०. नंतर उद्भवणारी दुखणी

रात्री आपोआप वाजतो, आणि तोही पावसात: आधी पिन स्विचची रबरी टोपी काढून बघा. फाटलेली असते, आत गंजाचा चॉकलेटी चिखल. याच्या उलटही होतं: बटण रंगाच्या थराने किंवा धुळीने अडकून अर्धंच बाहेर येत असेल तर उघडा दरवाजाही झाकलेला वाटतो. द्राक्षबागांकडच्या कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत हे ठरलेलं. स्विच काढून पुसा, स्क्रूच्या खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा. तरीही अधूनमधून होत असेल तर घासाघीस न करता नवा लावा.

थंडीत वाजतो: दरवाजाचं बीडिंग किंवा रबरी ठोकळे झिजले असतील तर बटण पुरतं दाबलंच जात नाही, आणि निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे रबर आणखी आक्रसतं. झाकलेल्या दरवाजावर बाहेरून हाताने दाब द्या, त्याच वेळी मीटरचा आकडा बदलला तर कारण सापडलं.

बॅटरी उतरते: मीटर १० ॲम्पिअरच्या भोकात लावून काळ्या टर्मिनलच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. बॉनेट उघडंच राहणार, पण दरवाजे झाकून गाडी लॉक करा आणि बीसीएम झोपेपर्यंत अर्धा तास थांबा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर अलार्मला दोष देऊ नका. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नका, स्टार्टरच्या करंटने मीटरचा फ्यूज तरी जातो किंवा मीटरच.

शेवटी तो कागद. कुठल्या दरवाजाची वायर कुठल्या रंगाची, कुठे सांधा मारला, डायोड कुठे बांधलेत, डबा कुठल्या कोपऱ्यात, हे स्वच्छ अक्षरात लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे चिकटवा. ग्लोव्हबॉक्समध्ये नको, अलार्मचा भेद चोराच्या हाताला लागेल अशा जागी ठेवण्यात अर्थ नाही, आणि तिथे तो पीयूसीच्या जुन्या पावत्यांत हरवतोच.